नाडीचा रकाना

आई, तुझ्या नातीची पीएच.डी. अडली आहे आणि ती अडण्याचं कारण तू आहेस. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुला प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस आता आपल्या घरात माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तुझी नात तेव्हा पाळण्यात होती. तिला तुझा चेहरा ठाऊक आहे तो फक्त भिंतीवरच्या फोटोतला: पांढरी साडी, डोक्यावर ती कडक टोपी, आणि फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारखी नजर. तरी तिनं हे सगळं आरंभलं ते तुझं बोट धरूनच. तुझ्यासारखीच नर्स झाली, मग वाघोलीकडच्या एका कॉलेजात नर्सिंग शिकवायला लागली, आणि आता पंचेचाळिशी उलटल्यावर नर्सिंगमधल्याच संशोधनावर डॉक्टर होऊ पाहते आहे. 'डॉक्टर' म्हटल्याबरोबर आमच्या धायरीच्या सोसायटीतले लोक तिला गुडघेदुखीवर गोळी विचारायला लागले. ती म्हणते, "अहो काका, मी औषध देणारी डॉक्टर नाही होणार." "मग कसली?" "प्रश्न विचारणारी." त्यावर आमचे सेक्रेटरी म्हणाले, "चालेल. फक्त लिफ्टबद्दल विचारू नका." सगळे हसले, मीही हसलो. पण माझं हसणं वरवरचं होतं. कारण आदल्याच दिवशी तिनं मलाही एक प्रश्न विचारला होता, साधाच, आणि त्याचं खरं उत्तर दिलं तर तिची इतक्या वर्षांची मेहनत मातीत जाईल की काय, या धास्तीनं मला जेवण जात नव्हतं.

ते सांगायचं तर आधी कुत्र्यापासून सांगायला हवं. तुला आठवतो का तो? वस्तीच्या नळाजवळ बसायचा, कुणाला काही करायचा नाही, आणि एक दिवस त्यानं माझी पोटरी धरली. मी चौथीत. त्या काळी कुत्रा चावला की पोटात इंजेक्शनं घ्यावी लागायची, रोज एक, बेंबीच्या आजूबाजूला, दोन आठवडे. तुझ्याच हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला ती लांबट खोली. हिरवा पडदा, स्टोव्हवर उकळणाऱ्या सुयांचं भांडं, स्पिरिटचा तो वास, जो अजून कुठेही आला की माझं पोट आपोआप आत जातं. बाहेर बाकावर माणसं ओळीनं बसलेली, आणि आतला प्रत्येक आवाज त्यांना ऐकू येणारा. मी आत जातो. तू पडद्याजवळ उभी आहेस. तुला नोकरीला लागून थोडेच महिने झालेत. ज्या वर्षी आपल्या लोकांनी धम्म स्वीकारला त्याच वर्षी तू शिकायला म्हणून घराबाहेर पडलीस, मला आजीकडे ठेवून, आणि नर्स होऊन परत आलीस. आपल्या वस्तीतली पहिली. मेट्रनबाई दारात उभ्या आहेत. त्या म्हणतात, "तुझाच मुलगा ना सिस्टर? मग तूच दे. बघू तरी हात कसा आहे तुझा."

पहिल्या दिवशी मी असा काही ओरडलो की बाकावरचं एक तान्हं पोरही रडायला लागलं. मेट्रनबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "शिस्त घरापासून लागते." बस, एवढंच. तू मला मारलं नाहीस. व्हरांड्याच्या टोकाला नेलंस, माझ्या शर्टाची बटणं लावता लावता हळू आवाजात म्हणालीस, "इथं ओरडायचं नाही. तू ओरडलास तर ते तुझं नाव घेणार नाहीत, माझं घेतील. आणि माझंही नाही घेणार. आपल्या सगळ्यांचं घेतील." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. एवढं कळलं, की माझ्या तोंडातून आवाज निघाला तर कुणीतरी फार मोठं, मला न दिसणारं, आपल्यावर चालून येणार आहे. सुईपेक्षा मला त्याची भीती जास्त बसली.

दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "कविता म्हण."

"कुठली?"

"शाळेत शिकवलेली. मोठ्यानं. शब्द गिळायचे नाहीत. ळ ला ळ म्हणायचं, ण ला ण."

मी त्या उंच टेबलावर आडवा पडून, पायांवर चादर, छताकडे बघत नदीवरची कविता म्हणायला लागलो, आणि दुसऱ्या कडव्यात, नदी डोंगरावरून खाली उडी घेते त्या ओळीला, तू सुई टोचलीस. मी थांबलो नाही. आवाज थोडा वर गेला, पण कविता सुटली नाही. चादरीखाली पायाची बोटं मात्र मी आत वळवून इतकी आवळली होती की नंतर चालताना पाऊल नीट टेकेना. ती तुला दिसली नसणार. बाहेर आलो तर बाकावरचे काळी टोपीवाले एक गृहस्थ म्हणाले, "वा! सिस्टर, मुलगा हुशार आहे हो तुमचा." तू हसली नाहीस. पण त्या दिवशी व्हरांड्यातून चालताना तुझी मान मी पहिल्यांदा इतकी ताठ बघितली.

मग रोज एक कविता. कुठल्या ओळीला सुई येईल ते तू कधी कळू द्यायची नाहीस. पाखरांची झाली, आंब्याच्या झाडाची झाली, शूर सरदाराची झाली, आणि एक दिवस पुस्तकातल्या कविता संपल्या, इंजेक्शनं संपली नाहीत. तेव्हा तू ड्यूटीवरून येताना अप्पा बळवंत चौकातून पाचवीचं जुनं मराठीचं पुस्तक घेऊन आलीस. मुखपृष्ठ गेलेलं, पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव खोडलेलं. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती पहिली भेटवस्तू. मी ते नाकाला लावून त्याचा वास घेतला, पानं उलटली, आणि आनंदानं आणि भीतीनं माझ्या अंगावर एकदमच काटा आला. एवढ्या सगळ्या नव्या कविता! आणि त्यातल्या प्रत्येकीत कुठेतरी एक सुई लपलेली.

तू संध्याकाळी नारायण पेठेत घरोघरी इंजेक्शनं द्यायला जायचीस, ते दिवसही असेच डोळ्यांपुढे येतात. मी तुझ्यामागं, हातात सुयांचा डबा. एका घरी माझ्याच वयाचा एक मुलगा होता, टायफॉइडमधून उठलेला. तो इतका आक्रस्ताळेपणा करायचा की त्याची आई, आत्या, आजोबा सगळे भोवती गोळा व्हायचे, कुणी पेढा दाखवायचं, कुणी लाकडी घोडा. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून बघत असायचो. परत येताना मी तुला मोठ्या फुशारकीनं म्हणालो, "केवढा ओरडतो गं तो. मी तर ओरडत नाही." तू चालतच राहिलीस. नदीवरच्या पुलापाशी आल्यावर म्हणालीस, "तो ओरडला तरी चालतं." आणि पुन्हा चालायला लागलीस.

पुढं मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढत आयुष्य घालवलं. पण लोक मला ओळखतात ते कवितांचा माणूस म्हणून. चौथीपासून मॅट्रिकपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांतल्या सगळ्या कविता मला अजून पाठ आहेत. नोकरीच्या मुलाखतीआधी व्हरांड्यात मी कविता पुटपुटत होतो, तुझी सून पहिल्या बाळंतपणाला आत गेली तेव्हाही, आणि ती शेवटची आजारी पडली तेव्हाही. सोसायटीत लिफ्ट बंद पडली, आत चारपाच जण अडकलो, मी आपला मोठ्यानं, स्पष्ट उच्चारात श्रावणावरची कविता सुरू केली. सेक्रेटरी बाहेरून ओरडले, "काका आहेत ना आत? मग घाई नको, कार्यक्रम पुरा होऊ द्या!" सगळ्यांना वाटतं किती रसिक, किती आनंदी म्हातारा आहे. आणि मी आहेही, आई. कवितांवर माझं प्रेम आहे, ते खोटं नाही. पण ते प्रेम आणि ती धडधड मला आजवर एकमेकांपासून वेगळी काढता आलेली नाहीत.

तुझी आणि त्या इंजेक्शनांची गोष्ट मी माझ्या मुलीला लहानपणी कितीतरी वेळा सांगितली. मुलांना सांगतात तशी, रंगवून. मेट्रनबाईंची नक्कल करून. त्या गोष्टीत शेवटी मी शूर असायचो आणि तू युक्तिबाज. तिच्या मनात ती तशीच राहिली, आणि पीएच.डी.साठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा ती एक दिवस चहाचा कप घेऊन माझ्यापुढं बसली आणि म्हणाली, "बाबा, आजीचीच युक्ती घेते. ऑपरेशनच्या आधी म्हाताऱ्या माणसांना जी भीती वाटते ना, त्यावर. त्यांच्या शाळेतल्या कविता त्यांना ऐकवायच्या. आणि आवाज तुमचा."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! माझा आवाज, या वयात, कुणाच्या उपयोगी पडणार. तिनं बेडरूमच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, आणि मी घामानं निथळत एकेक कविता म्हटली. तरी पाखरांच्या कवितेत शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आलीच. ती म्हणाली, "राहू दे." नंतर एक आजी तिला म्हणाल्या म्हणे, बाकी काही आठवत नाही, पण शिट्टी झाली तेव्हा घरी असल्यासारखं वाटलं. संशोधन साधंच होतं. ऑपरेशनला जाणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी, त्यांची परवानगी घेऊन, निम्म्यांना कानाला हेडफोन लावून कविता ऐकवायच्या आणि निम्म्यांना नेहमीसारखं नुसतं बसवायचं. मग वॉर्डातल्या सिस्टरनं पेशंट किती घाबरलेला दिसतो ते बघून खूण करायची, आणि नाडी मोजून लिहायची. वर्षानुवर्षं ती हे करत राहिली. धायरीहून वाघोली म्हणजे शहराचं हे टोक आणि ते टोक. कॉलेज करून, वॉर्ड करून, बसनं घरी येऊन पोळ्या लाटायची.

शेवटी सगळं मांडून बघितलं तर असं निघालं, की सिस्टरांच्या खुणांप्रमाणे कविता ऐकणारे पेशंट कितीतरी शांत होते. ओरडणं नाही, हात झटकणं नाही, "मला घरी न्या" नाही. आणि नाडी? नाडी खाली आली नव्हती. पुष्कळांची तर वाढली होती. तिच्या गाईडबाई तिच्याहून वयानं लहान, पण जिभेनं मोठ्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, नाडी जिना चढलं तरी वाढते. तो रकाना शेवटी परिशिष्टात टाका. इतकी वर्षं पेशंट ओरडतो म्हणून आपली तक्रार होती, आता शांत झालाय म्हणून तक्रार करायची का?" तिनं घरी येऊन मला ते हसत हसत सांगितलं. पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही, आणि मग तिनं तो प्रश्न विचारला: "बाबा, आजी तुम्हाला कविता म्हणायला लावायची, तेव्हा तुमची भीती कमी व्हायची ना?"

मी म्हणालो, "पंखा लाव गं, फार उकडतंय." तिनं पंखा लावला. पुन्हा विचारलं नाही.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला की एका पेशंटला त्या आवाजाच्या माणसाला बघायचंय, येता का. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. वाघोलीच्याही पुढच्या एका खेड्यातले आजोबा होते, माझ्याच वयाचे, आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेले. मला बघून म्हणाले, "आवाज तुमचा हाय व्हय? लई ग्वाड हाय. आमचं गुरुजी आसंच म्हनायचं." मी म्हटलं, "भीती वाटते का?" तसे हसून म्हणाले, "भ्याचं काय त्यात? डागदर हायेत की." मग वॉर्डातल्या तरुण सिस्टरनं हेडफोन लावले. ते डोळे मिटून निपचित पडून राहिले. ती पोरगी माझ्या कानात कुजबुजली, "बघा काका, कसे शांत झालेत! नाहीतर सकाळपासून नुसतं सिस्टर सिस्टर. आम्हाला तर सगळ्यांनाच लावावंसं वाटतं." मी बघितलं. चेहरा शांत होता. चादर पायांवरून जरा सरकली होती आणि त्यांच्या पायाची बोटं आत वळलेली होती, घट्ट, नखं पांढरी पडेपर्यंत. आई, मी त्यांच्या पावलाला हात लावला. बर्फासारखं होतं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि मी पहिल्यांदा बाहेरून बघितलं, मी त्या टेबलावर कसा दिसत असेन ते. त्यांच्या कानात माझाच आवाज चालू होता. त्या आवाजामुळं ते सिस्टरला हाक मारत नव्हते.

घरी येताना बसमध्ये मला दिसायला लागलं की तिचा प्रबंध झाला, छापून आला, इतर हॉस्पिटलांतूनही हे सुरू झालं, आणि जिकडं तिकडं म्हातारी माणसं डोळे मिटून, बोटं आवळून पडली आहेत, आणि कुणी त्यांना विचारत नाही, कारण ती शांत दिसताहेत. आणि त्या सगळ्यांच्या कानात मी. सांगावं, तर पोरीचं काय? तिच्या कॉलेजात वरची जागा निघाली होती, पीएच.डी. हातात असल्याशिवाय अर्ज करता येत नव्हता, आणि प्रबंध सादर करण्याआधीचं शेवटचं सादरीकरण तोंडावर आलं होतं. एकटीनं वाढवलेली मुलगी तिची, तीही आता शिकायला बंगळुरात. न सांगावं, तर मी हेडफोनमधून कायमचा बोलत राहणार. आणि तुझं काय? तुझ्यामागं तुझी युक्ती चुकीची होती म्हणून सांगायचं? मी दिवसभर गॅलरीत बसून राहायचो. एकही कविता म्हटली नाही. शेजारच्या वहिनींनी विचारलं देखील, "काका, तब्येत बरी आहे ना? आज कार्यक्रम नाही?"

रविवारी दुपारी ती आणि मी मेथी निवडत बसलो होतो. म्हणाली, "बाबा, प्रस्तावनेत आजीवर एक परिच्छेद लिहिलाय. ऐका." आणि तिनं वाचून दाखवलं. चांगलं लिहिते ती, साधं. पण त्यात एक वाक्य होतं, की माझ्या आजीनं कवितेच्या साहाय्यानं एका लहान मुलाची भीती घालवली. माझ्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. मी म्हणालो, "भीती नाही गेली."

"काय?"

"भीती गेली नाही. ओरडणं गेलं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, झालं, संपलं. मग पटकन उठली आणि ओट्यापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. "बाबा, तुम्ही हे आत्ता सांगताय? मी एवढी वर्षं वॉर्डात काय करत होते?" मी म्हटलं, "मलाही ते नीट आत्ता कळलं गं. त्या आजोबांचे पाय बघितले तेव्हा." कुकर होऊन गेला. मग ती हात पुसत आली, माझ्यासमोर बसली, फोन मध्ये ठेवला आणि एकदम वेगळ्याच आवाजात, वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला काही प्रश्न विचारणार आहे. रेकॉर्ड केलं तर चालेल? तुम्ही नाही म्हणू शकता. मध्येच थांबवू शकता. थांबवलंत तरी तुमच्यावरच्या उपचारांत काही फरक पडणार नाही." मी म्हटलं, "आणि जेवणात?" ती हसली नाही. डोळे भरले होते तिचे.

तिनं सगळं विचारलं. छाती धडधडायची का, तोंडाला कोरड पडायची का, कविता म्हणताना लक्ष कवितेत असायचं की सुईत. मी सांगत गेलो. बाकावरची माणसं, मेट्रनबाई, तू व्हरांड्यात काय म्हणालीस ते. ते ऐकल्यावर तिनं तुझ्या फोटोकडं बघितलं, मग पुढचा प्रश्न. "इंजेक्शन दिल्यावर आजी काय करायची?"

"काय करणार? पडद्यामागं बेसिन होतं. तिथं जाऊन हात धुवायची."

"किती वेळ?"

"बराच. मी बाहेर बाकावर येऊन बसायचो तरी नळ चालूच असायचा. आपल्या वस्तीत सगळ्यांना मिळून एक नळ ना, म्हणून मला वाटायचं, आई इथं पाण्याची चैन करून घेते."

तिनं फोनवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. "हात धुवायला एवढा वेळ लागत नाही, बाबा," ती म्हणाली. "आम्ही सगळ्याजणी तेच करतो. नळ सोडला की बाहेर ऐकू जात नाही." मग एकदम, स्वतःशीच बोलल्यासारखी: "आजी तेव्हा नवीन होती. स्वतःच्या मुलाच्या पोटात सुई. दारात मेट्रन. तुम्ही ओरडला असता तर तिचा हात चालला नसता. ती कविता तुमच्यासाठी नव्हतीच. आणि माझ्या सिस्टरांनी कागदावर 'शांत' अशी खूण केली, ती कुणाची? पेशंट हाक मारत नाही म्हणून त्याच शांत झाल्या. एवढी वर्षं मी भलत्याच माणसाची भीती मोजत बसले."

गाईडबाईंना तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, घर बांधून झालंय, रंग लावायचा बाकी आहे. आणि आता तुम्ही पाया खणायला निघालात?" पण अडवलं नाही, हे त्यांचं मोठेपण. सादरीकरण परवा झालं. तिनं नाडीचा रकाना परिशिष्टातून उचलून सगळ्यात पुढं मांडला. समितीतल्या एका वयस्कर सरांनी विचारलं, "म्हणजे तुमच्या उपायाचा उपयोग झाला नाही, असं तुमचंच म्हणणं आहे?" ती म्हणाली, "झाला, सर. पण तो पेशंटला झाला, असं मला सांगता येत नाही." शेवटी ठरलं ते असं, की प्रबंध आत्ता घ्यायचा नाही. आणखी किमान वर्षभर काम, पेशंटना स्वतःला विचारायचं, सिस्टरांनाही विचारायचं, त्यासाठी परवानग्या पुन्हा पहिल्यापासून. वरच्या जागेचा अर्ज गेलाच. ती जागा तिच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीला मिळेल बहुतेक.

दिवेलागणीला ती घरी आली. पर्स न काढता खुर्चीत बसली. मी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून म्हणाली, "बाबा, मला भीती वाटतेय. हे पुरं होईल ना माझ्याच्यानं?" आई, माझ्या तोंडात लगेच ओळ आली. ओठसुद्धा हलले असतील, कारण तिनं माझ्याकडं बघितलं, वाट बघितल्यासारखं, लहानपणी बघायची तसं. मी तोंड मिटलं. जमत नव्हतं. मग म्हणालो, "मलाही वाटतेय." मी तिच्याजवळ जाऊन बसलो, आणि आम्ही दोघं तसेच, दिवाही न लावता, घाबरलेले बसून राहिलो. वर्ष म्हणजे माझ्या वयाला किती मोठं, ते तिलाही ठाऊक आहे.

आज सकाळी निघताना ती दारात वळून म्हणाली, "सिस्टरांना विचारायचे प्रश्न तयार करतेय, बाबा. पहिला आजीलाच विचारायला हवा होता." आणि गेली. तेव्हापासून कागद घेऊन बसलो आहे तो तुला तेवढं विचारावं म्हणून. त्या नळाच्या आवाजामागं तू काय करत होतीस? तू घाबरायचीस का? एवढंच. बघ, प्रश्न तसा लहान आहे, आणि तो लिहायला मी किती पानं घेतली. कारण त्या खोलीत मी घाबरलेला होतो, बाकावरचे सगळे घाबरलेले होते, आणि निदान एक माणूस तिथं न घाबरलेलं आहे, या एका समजुतीवर मी त्या टेबलावर चढत होतो. पुढंही सगळीकडं त्याच समजुतीच्या बळावर जात आलो. हे पत्र तुला पोचवायची कुठं काही सोय असती, तरी मी ते पाठवलं नसतं, आई. उत्तर आलं असतं.